तीन मिनिटांचा सामना आणि मेरिटचा खोटा हिशेब

रोबोटिक्सच्या स्पर्धेतून परतलेल्या आपल्या पोरापोरींना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नंबर आला का?" नाही म्हटले की पुढचे वाक्यही ठरलेले, "पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं आपला काय टिकाव लागायचा?" हे वाक्य गावातला मामा बोलतो, कॉलेजातले सर बोलतात आणि चळवळीत वीस वर्षे घालवलेला कार्यकर्ताही बोलतो. बोलणाऱ्याच्या मनात पोरांविषयी मायाच असते. पण या मायेच्या वाक्यात मेरिटवाल्यांचे सगळे तत्त्वज्ञान बसलेले आहे. हरलात कारण तुमच्यात ते नव्हते. जिंकले कारण त्यांच्यात ते होते. संपला विषय.

आमचे म्हणणे असे की विषय इथे सुरू होतो. आम्ही धाराशिव जिल्ह्यात वसतिगृहे, अभ्यासिका आणि विहारांच्या आधाराने विद्यार्थ्यांमध्ये काम करतो. त्यातल्याच एका संघाचा हिशेब इथे मांडत आहोत. संघाचे, कॉलेजचे आणि स्पर्धेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मुद्दा कोणा एका संस्थेचा नाही. संघात सात जण, पाच मुले आणि दोन मुली. काही तंत्रनिकेतनातले, काही पदवीचे. कळंब, लोहारा, तुळजापूर या तालुक्यांतल्या घरांतले. स्पर्धा पुण्यात. काम असे की रोबोटने पांढऱ्या फरशीवरच्या काळ्या रेषेवरून चालत जायचे, ठोकळे उचलायचे आणि रंगाप्रमाणे खोक्यात ठेवायचे. वेळ तीन मिनिटे. दोन सामने झाले, दोन्ही हरले.

परतीच्या एसटीत या पोरांनी एक चांगले काम केले. कोणाचे चुकले यावर भांडण्याऐवजी वहीत काय काय घडले ते मिनिटाप्रमाणे लिहून काढले. ती वही आम्ही पाहिली आहे. आमच्या मते कोणत्याही ट्रॉफीपेक्षा ती वही महत्त्वाची आहे.

पहिल्या सामन्यात रोबोट पहिल्या वळणापर्यंत गेला आणि तिथे बंद पडला. म्हणजे पूर्ण बंद नाही, त्याचा आर्डुइनो बोर्ड आपोआप पुन्हा सुरू झाला आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून चालू लागला. दोनदा, तीनदा तसेच. कारण साधे होते. मोटर सुरू होताना किंवा अडकताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दोन चाकांच्या मोटरा आणि ठोकळा उचलणारी मोटर एकदम चालल्या की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि बोर्डाला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. त्यात मोटर चालवायला त्यांनी वापरलेले एल-२९८ हे जुन्या पद्धतीचे स्वस्त मोड्यूल, ते स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन टाकते. उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. बोर्डाला वेगळा पुरवठा द्यायचा, वायर जाड वापरायची, मोटरा एकाच क्षणी सुरू करायच्या नाहीत.

मग ही चूक सरावात का दिसली नाही? इथे खरी गोष्ट कळते. त्यांच्याकडे बॅटरी एकच होती. ती खराब होऊ नये, ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून ते सराव जुन्या संगणकाच्या एसएमपीएसला लांब वायर जोडून करत. एसएमपीएसमधून करंट भरपूर मिळतो, व्होल्टेज खाली येत नाही. चूक लपून राहिली, ती थेट पुण्यात बाहेर आली. दुसरी बॅटरी असती तर हीच चूक पंधरा दिवस आधी वसतिगृहाच्या व्हरांड्यात सापडली असती. आता सांगा, हा बुद्धीचा पराभव की दीड-दोन हजार रुपयांच्या बॅटरीचा?

दुसऱ्या सामन्यात रोबोट रेषाच ओळखेना. रेषा ओळखणारे सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतात आणि फरशीवरून परत आलेले किरण मोजतात. पांढऱ्यावरून जास्त परत येतात, काळ्यावरून कमी. किती आले म्हणजे काळे समजायचे, तो आकडा पोरांनी प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून ठेवला होता. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली तो आकडा बरोबर होता. सभागृहात वर हॅलोजनचे दिवे होते आणि हॅलोजनच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असते. सगळे आकडे उलटेपालटे झाले. शेजारच्या संघाच्या रोबोटवर एक बटण होते. सामन्याआधी ते दाबून रोबोट रेषेवर आडवा फिरवायचा, तो जागेवरच काळे-पांढरे शिकून घ्यायचा. ते बटण त्या संघाने कसे शिकले? आमच्या पोरांनी विचारले. उत्तर मिळाले, "मागच्या वर्षी आम्हीपण असंच हरलो होतो."

हे उत्तर नीट ऐका. ज्यांना आपण हुशार म्हणून मोकळे होतो, त्यांच्याकडे आदल्या वर्षीचा पराभव जपून ठेवलेला होता. त्यांचे सीनियर होते, सीनियरांची फाइल होती, कॉलेजात त्यासाठी एक खोली होती. आमच्या संघात सगळेच पहिल्या पिढीचे. रोबोकॉनसारख्या मोठ्या स्पर्धांकडे पाहा. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा, तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली. पुण्यातल्या कॉलेजांचा तिथे दबदबा आहे. विषय कित्येक महिने आधी जाहीर होतो आणि मातब्बर संघ मैदानाची खऱ्या मापाची प्रतिकृती उभारून महिनोन्‌महिने सराव करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल आमच्या मनात आकस नाही. आम्ही एवढेच म्हणतो की स्पर्धेत दिसणाऱ्या तीन मिनिटांच्या मागे सरावाचे किती तास आहेत तो आकडा गुणफलकावर लिहीत जा. मग मेरिट कशाला म्हणतात ते लोकांनाच कळेल.

आता वहीतल्या त्या पानाकडे येऊ, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पहिल्या सामन्यात रोबोट अडकला तेव्हा नियमाप्रमाणे पुन्हा सुरुवात मागता येत होती. हात वर करून पंचांना सांगायचे, रोबोट सुरुवातीच्या चौकोनात ठेवायचा, पुन्हा निघायचे. वेळ चालू राहते, पण सामना हातातून जात नाही. आमचा संघ उभा राहून पाहत राहिला. नियमांची पुस्तिका इंग्रजीत, तीसेक पानांची. ती शेवटपर्यंत वाचलेली एकच व्यक्ती संघात होती, एक मुलगी. ती मैदानाच्या दोरीबाहेर होती, कारण आत दोघांनाच परवानगी आणि ते दोघे मुलगे असणार हे न बोलताच ठरलेले. तिने बाहेरून ओरडून सांगितले. आतल्यांनी लक्ष दिले नाही.

दुसरी गोष्ट परीक्षकांच्या टेबलापाशी घडली. ज्याचे इंग्रजी बरे तो बोलायला पुढे. परीक्षकांनी विचारले, "हेच मोड्यूल का निवडलं?" पुढच्याला सांगता येईना. सगळी वायरिंग आणि सोल्डरिंग ज्याने केले, तो पोरगा दोन पावले मागे, हात पाठीशी बांधून उभा. त्याला उत्तर येत होते. "स्वस्त होतं आणि सोलापुरात लगेच मिळत होतं, यापेक्षा चांगलं कोणतं तेही ठाऊक आहे," असे तो मराठीत सांगू शकला असता. परीक्षकही मराठीच होते! पण हात काळे करणाऱ्याने बोलायचे नसते, हे त्याला कोणी शिकवले? संघात कोणी जातीचे नाव काढले नव्हते. काढायची गरजही नव्हती.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यातले कसबे तडवळे आठवा. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः त्या गावी आले. वतन म्हणजे काय होते? कोणाचे काम कोणते हे जन्माच्या आधीच ठरलेले, त्या कामाचा मान नाही, दाम नाही, आणि ते सोडायची मुभाही नाही. जात कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते, एकावर एक रचून ठेवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते. कायद्याने वतने गेली. पण चार पोरे एका टेबलाभोवती बसली की टांका मारणारा कोण, माइक धरणारा कोण, नियम वाचून चहा आणणारी कोण, हे आपोआप ठरते. यालाच आम्ही संघातली वतनदारी म्हणतो. आणि ती गुण घालवते, नुसती नीतीची गोष्ट नाही ही.

कशी घालवते ते पाहायला अमेरिकेत जाऊ. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे पाण्याखालच्या रोबोटांची स्पर्धा झाली. तिथे ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या सरकारी शाळेचा संघ उतरला. चार पोरे, चौघेही मेक्सिकोतून लहानपणी आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या घरची, कागदपत्रे नसलेली. फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन हे दोन शिक्षक पाठीशी. वर्गणी काढून जमवलेले सुमारे आठशे डॉलर. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा सांगाडा, त्याला चिकटवायच्या गोंदाचा इतका वास की रोबोटचे नाव पडले 'स्टिंकी'. समोर होते जगप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मोठ्या तेल कंपनीच्या पैशाच्या बळावर. ऐन वेळी स्टिंकीच्या सर्किटच्या पेटीत पाणी झिरपू लागले. पोरांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत भरले, पाणी शोषले गेले, रोबोट चालला.

ही गोष्ट पुढे पुस्तकात आणि सिनेमात आली आणि सगळ्यांना टॅम्पॉनचाच किस्सा आठवतो. आम्हाला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. पाण्यातल्या कामगिरीत कार्ल हेडनचा संघ पहिला नव्हता, तिसरा होता. एकूण विजेतेपद त्यांना मिळाले ते लेखी अहवाल आणि तोंडी मुलाखतीचे गुण धरून. इंग्रजी ही ज्यांच्या घरची भाषा नव्हती त्यांनी तांत्रिक लेखनाचे बक्षीस घेतले! कारण परीक्षकांच्या खोलीत चौघेही बोलले. ज्याने जे केले होते ते त्याने सांगितले. आमच्या संघातला तो सोल्डरिंगवाला पोरगा पुढे उभा असता तर दुसऱ्या टेबलावरचे गुण कोणाचे झाले असते, याचा विचार करा.

फिनिक्सची गोष्ट इथेच थांबवली तर ती मेरिटवाल्यांच्या कामाची ठरेल. बघा, जिद्द असली की काहीही होते, असे म्हणून ते ती आपल्याच तोंडावर फेकतील. पुढे काय झाले? २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी असा कायदा केला की कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या रहिवाशांची स्वस्त फी मिळणार नाही. चौघांतला ज्याची बुद्धी सगळे वाखाणत, तो क्रिस्तियन आर्सेगा, फी परवडेना म्हणून विद्यापीठ सोडून बाहेर पडला. ऑस्कर वास्केझ २००९ मध्ये मेकॅनिकल इंजिनियर झाला, पण नोकरी कायदेशीर मिळावी म्हणून त्याला आधी मेक्सिकोत परत जावे लागले. जगातल्या नामांकित संस्थेला हरवणाऱ्या पोरांची ही गत. ट्रॉफीने दार उघडत नाही. दार कायद्याने, फीने, शिष्यवृत्तीने आणि हक्काने उघडते, म्हणून आपल्याला स्पर्धेइतकेच शासनाच्या तिजोरीकडेही बघावे लागते.

बाबासाहेबांनी ते १९४२ मध्येच पाहिले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. नुसते मांडून थांबले नाहीत, रकमा मागितल्या. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख, परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख. जो माणूस स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकला, त्याने आपल्या लेकरांसाठी यंत्रशाळा मागितली. जयंतीला आपण बाबासाहेबांच्या हातातले पुस्तक सजवतो. त्यांनी मागितलेल्या प्रयोगशाळेचे काय झाले, हे विचारत नाही.

आजच्या हिशेबाकडे या. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरात सुमारे दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, निम्मे उभारणीला, निम्मे पुढच्या वर्षांत चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. धाराशिव हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, राज्यातल्या गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्या जोडीला. म्हणजे कागदावर आपण अग्रक्रमात. पण लॅबसाठी मूळ अटींत मैदानी भागातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फूट बांधीव जागा हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची पोरे ज्या शाळेत शिकतात, तिथे वर्गखोल्यांचीच वानवा असते. मग लॅब कुठे जाते? जिथे इमारत आधीच आहे तिथे. अशीच एक लॅब आम्ही पाहिली. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचे आवरण तसेच, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. "पोरं मोडतील" हे कारण. मोडल्याशिवाय शिकणार कसे, यावर उत्तर नाही.

पदवीच्या पोरांचे वेगळे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती फी आणि निर्वाह भागवते, तीही महाडीबीटीवर कधी उगवेल त्याचा भरवसा नाही. स्वाधार योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला त्रेचाळीस हजार धरलेले, त्यात खोलीभाडे, जेवण, सगळे आले. यातून स्पर्धेची प्रवेश फी, सात जणांचे पुण्याचे जाणे-येणे आणि दुसरी बॅटरी कशी बसवायची? समाजकल्याण खात्याने तांत्रिक स्पर्धांसाठी संघांना थेट साहाय्य द्यावे, वसतिगृहांत एक खोली कार्यशाळेची करावी, ही मागणी आपल्या निवेदनांत का नसते? आपली निवेदने अजून पाणी, गादी आणि भोजनाच्या दर्जापाशी अडली आहेत. त्या मागण्या सोडा असे कोण म्हणेल! त्यांच्या खाली ही एक ओळ वाढवा.

शासनाची वाट पाहत बसायचेही कारण नाही. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, दोन-तीन आर्डुइनो, मोटरा, दोन बॅटऱ्या आणि त्यांचा नीट चार्जर, एवढे साहित्य जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्री वाजणाऱ्या डीजेच्या भाड्यात येते. हे लिहिले की काही बांधव रागावतील. रागवा, पण दोन्ही पावत्या शेजारी ठेवून रागवा. विहारात वंदना होते, बालसंस्कार वर्ग होतात, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालते. तिथे एक टेबल आणि एक टूलबॉक्स ठेवायला कोणाची हरकत असू शकते? हरलेल्या संघांच्या वह्याही तिथेच ठेवा. पुण्याच्या संघाकडे ते बटण ज्यातून आले, ती फाइल आपल्याकडे अशीच तयार होईल.

आणि एकदा टेबल मांडले की रोबोट कशासाठी करायचा हा प्रश्न येतोच. केरळच्या कुट्टिप्पुरमच्या इंजिनियरिंग कॉलेजात एकत्र शिकलेल्या तरुणांनी जेनरोबोटिक्स ही कंपनी काढली आणि गटाराच्या मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरणारा 'बँडिकूट' नावाचा रोबोट बनवला. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तो वापरात आला. हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा, गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला तीस लाख भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २०२३ चा, आणि तरी माणसे आत उतरवली जातात. ती कोणाच्या वस्तीतली असतात हे आपल्याला सांगायला नको. यंत्र आले म्हणजे जात गेली असे आम्ही मानत नाही. यंत्राचा दांडा पुन्हा त्याच वस्तीतल्या हातात, कंत्राटी, विनाविमा दिला गेला तर काय मिळवले? पण ते यंत्र कसे चालते, त्याची किंमत किती, नगरपालिका ते का घेत नाही, हे प्रश्न विचारायला आपल्याकडे मोटर आणि सेन्सर समजणारी माणसे हवीत. ठोकळे उचलणारी पोरे उद्या ती माणसे होऊ शकतात.

आमच्या त्या संघाचे सध्या काय चालले आहे, तेही सांगतो. दुसरी बॅटरी आली, वर्गणीतून. सराव आता एसएमपीएसवर नाही, बॅटरीवर. रोबोटवर बटण बसले. नव्या स्पर्धेची नियमावली ती मुलगी दर रविवारी दोन-दोन पाने मराठीत समजावून सांगते आणि बाकीचे सहा जण तिला प्रश्न विचारतात. मैदानाच्या आत कोण जाणार ते चिठ्ठी टाकून ठरते. परीक्षकांपुढे बोलायचा सराव सातही जणांनी करायचा, मराठीत आधी. सोल्डरिंगचा पोरगा पहिल्या दिवशी तीन वाक्ये बोलला आणि खाली बसला. मागच्या रविवारी तो वीस मिनिटे बोलत होता, त्याला थांबवावे लागले.

जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांसाठी या आठवड्याचे एक काम. आपल्या तालुक्यातल्या ज्या शाळेत अटल लॅब आहे, तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शाळा खाजगी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे टाका. प्रश्न चारच. अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, गेल्या शैक्षणिक वर्षात लॅब किती दिवस व किती तास उघडी होती, आणि लॅबच्या नोंदवहीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींची संख्या किती. उत्तरे आली की आमच्याकडे पाठवा, आठही तालुक्यांचा तक्ता आम्ही इथेच छापू.

जय भीम.